सवालात गेलेली माझी चिठ्ठी

॥ श्री रेणुकादेवी प्रसन्न ॥

लिहून ठेवणार: सगुणाबाई भ्रतार कै. बद्रीनाथ गावंडे, वय साठीच्या आसपास, धंदा शेती, राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद, इलाखा हैदराबाद.

मी हे मृत्युपत्र माझ्या घरच्या ओसरीवर, भिंतीला पाठ टेकून, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे म्हणणारे दोघे याच घरात राहतात, पण त्यांना वाटणी मिळायची असल्याने त्यांचे म्हणणे जमेस धरू नये. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. कोणाची छाती असेल त्याने आणून बघावा. मिश्रीवाचून मला कसली सवय नाही, आणि मिश्रीने माणसाची शुद्ध जात नाही, उलट सकाळी तिच्यामुळेच येते.

भोकरदनच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे भुजंगराव यांनी मला मृत्युपत्राचा नमुना आणून दिला. त्यांचे म्हणणे, दस्त उर्दूत करावा. "मावशी, उर्दूत केलं तं कचेरीत काम जल्दी होऊन जातं," असे ते म्हणाले. मी म्हटले, "कचेरीला कळंल, पण मी काय लिवलं ते मला कळाया नको का?" सबब हा दस्त मराठीत आहे. नमुन्यात नसलेला मजकूर जिथे जिथे येईल तो माझा आहे आणि तो गाळू नये.

कलम पहिले. राहते घर, मागच्या परसासह आणि आडासह, माझा मुलगा काकासाहेब याने घ्यावे. याचे नाव काकासाहेब ठेवू नका असे मी बारशाच्या दिवशी सांगितले होते. पाळण्यातल्या मुलाला साहेब म्हटले की ते पुढे वाकून काही उचलत नाही. तसेच झाले. परसातला आड उपसायचे काम मी सात उन्हाळे त्याला सांगत आहे. घर त्याला मिळेल, पण आड उपसल्यावर मिळेल. आड उपसला की नाही हे सुनेने सांगावे, त्याने सांगू नये.

कलम दुसरे. नदीकडची काळी जमीन काकासाहेबाची. माळावरचा करडईचा तुकडा, जो माझ्या यजमानांनी माझ्या नावाने घेतला होता, तो माझी नात नीला हिचा. आठ-दहा पायल्या करडई निघणारे ते रान एकट्या पोरीला कशासाठी, असे काकासाहेब विचारील. त्याचे उत्तर सहाव्या कलमात आहे. तोवर त्याने गप्प बसावे.

कलम तिसरे. म्हैस सून नंदाबाई हिला. नंदाबाई माझे ऐकत नाही आणि म्हैसही माझे ऐकत नाही, पण म्हैस नंदाबाईचे ऐकते. यात बरेच काही आले. जाते, पाटा, तांब्याचा हंडा, पितळी डबे आणि लोणच्याच्या बरण्या हेही तिलाच. कैरीच्या लोणच्याला मोहरी किती घालायची हे मी तिला आजवर सांगितले नाही, कारण तिने विचारले नाही. विचारले तर मरणाच्या आधल्या दिवशीसुद्धा सांगेन.

कलम चौथे. माझी पुस्तके नीलाची. ती ट्रंकेत तळाशी आहेत आणि वर लिंबाचा पाला घातलेला आहे.

इथे थोडे सांगावे लागेल. माझे वडील नव्या जालन्यात, स्टेशनाजवळच्या एका कापसाच्या पेढीवर मुनीम होते. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला अक्षरे शिकवली, आणि शिकवल्यावर घाबरले, कारण मी हाताला लागेल ते वाचू लागले. मला या गावी दिल्यावर ते दर दिवाळीला फराळाच्या डब्याखाली एक कादंबरी घालून पाठवत. ती बहुतेक करून त्रिविक्रम बळवंत घैसास यांची असे. पुण्याचे घैसास त्या काळी एवढे नावाजलेले होते की जालन्याच्या पेढीवरचे अडतेसुद्धा त्यांच्या कादंबऱ्या वाचून डोळे पुसत.

त्यांची 'हेमलतेचा हट्ट' मी चुलीपुढे बसून वाचली. शेवटच्या प्रकरणात हेमलता मरते. मला त्याचे कारण सापडेना. तिला ना ताप, ना खोकला. सासर सुधारले, नवरा परत आला, आणि बाई खिडकीत उभी राहून चंद्राकडे बघता बघता मेली. माझी भाकरी करपली. मी रागारागाने घैसासांना पत्र लिहिले की, आपण ही बाई विनाकारण मारली, आमच्याकडे शेळी मेली तरी लोक विचारतात कशाने मेली. यजमानांनी ते पत्र भोकरदनला जाऊन स्वतः डाकेत टाकले.

आणि घैसासांचे उत्तर आले! सगळ्या महाराष्ट्राला रडवणाऱ्या ग्रंथकाराचे, त्यांच्या हातचे, खाजगी पत्र, आमच्या पिंपळगावात, माझ्या नावाने. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सासूबाईंशीही गोड बोलले.

नीलाचे नाव मीच ठेवले. ते घैसासांच्या पुढच्या कादंबरीतले आहे. तिच्यातली नीला शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहते. हे माझ्या पत्राने घडले असे मी समजते.

कलम पाचवे. हे कलम त्या चिठ्ठीचे आहे. भुजंगराव म्हणतात की जी वस्तू आपल्या ताब्यात नाही तिची वाटणी मृत्युपत्रात करता येत नाही. मी वाटणी करत नाही, हकीकत लिहीत आहे.

त्या चिठ्ठीत काय होते ते आधी सांगते, कारण गावाला ते एकोणीस वर्षे चुकीचे ठाऊक आहे. मला ती तोंडपाठ आहे. ती अशी:

"सौ. सगुणाबाई यांस. आपले पत्र हाती आले त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. उजवीकडची खालची दाढ अशी ठणकत होती की मी दिवा लावून येरझारा घालत होतो, आणि त्या अवस्थेत आपले पत्र चार वेळा वाचले. हेमलता कशाने मेली असे आपण विचारता. बाई, ती माझ्या दाढेने मेली. ते प्रकरण लिहिताना हीच दाढ दुखत होती, छापखान्याचा माणूस ओट्यावर बसून होता, आणि हेमलता जगली असती तर तिच्या संसाराची आणखी चार प्रकरणे लिहावी लागली असती. लोक त्या प्रकरणाला माझे सर्वोत्तम लेखन म्हणतात, म्हणून हे मी कोणाला सांगू शकत नाही. आपणही सांगू नये. आपल्याकडे दाढेवर काही गावठी औषध असल्यास कळवावे."

मी त्यांना अक्कलकाढा पाठवला. चिठ्ठी घडी करून माझ्या इरकली लुगड्याच्या पदरात, ट्रंकेत ठेवली. ते लुगडे मी लग्नकार्याशिवाय काढत नसे, म्हणून घरात त्याच्याइतकी सुरक्षित जागा नव्हती.

त्या भाद्रपदात यजमानांना ताप आला आणि सासूबाई कै. साळूबाई यांनी देवीला लुगड्याचा नवस बोलला. नवस त्यांनी बोलला, ताप यजमानांचा उतरला, आणि लुगडे माझे गेले. मला न विचारता त्यांनी ट्रंक उघडली आणि नवरात्रात ते इरकली लुगडे देवीच्या ओटीत घातले. सासूबाई आता देवाघरी आहेत. मी तिकडे गेल्यावर हा विषय काढणार आहे, त्यांनी तयारीत राहावे.

आमच्या देवळाची रीत अशी की, ओटीत आलेल्या वस्तूंचा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढे लिलाव होतो. त्याला आम्ही सवाल म्हणतो. बोली पैशात होत नाही, देवीच्या दिव्याच्या तेलात होते. कोणी दोन शेर बोलतो, कोणी पाच शेर. बोललेले तेल चुकले तर वस्तू देवीकडे परत जाते आणि पुन्हा सवालात निघते. आणि एकदा ओटीत गेलेली वस्तू, जाणून गेलेली असो की चुकून, सवालाशिवाय देवळाबाहेर येत नाही.

लुगडे घेणारे आधी ते उलगडून दाखवा म्हणतात, कुठे कसर लागली आहे का हे बघायला. गुरव मच्छिंद्र याने माझे लुगडे झटकले आणि चिठ्ठी खाली पडली. मी बायकांच्या घोळक्यातून ओरडले, "ती माझी हाय, इकडं द्या." मच्छिंद्र म्हणाला, "वहिनी, ओटीत आलं ते देवीचं. मला देता येत न्हाई. सवाल बोला आन् घ्या."

लोक म्हणाले, कागद कसला ते तरी कळू द्या. तेव्हा शाळेच्या मास्तरांनी चिठ्ठी उघडली. मास्तरांचा आवाज कीर्तनकाराचा. त्यांनी सगळ्या गावासमोर, देवीसमोर, माझ्या सासूसमोर खणखणीत वाचले: "सौ. सगुणाबाई यांस. आपले पत्र हाती आले त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपला, त्रिविक्रम..." कागद कोणाचा ते कळावे म्हणून मास्तर पहिल्या ओळीवरून एकदम खालच्या सहीवर गेले होते.

आणि तेवढ्यात माझ्या यजमानांचा चुलत भाऊ उठून ओरडला, "बस करा मास्तर! बायामाणसं हायेत हितं!"

मास्तरांनी दचकून घडी घातली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी जीव तोडून ओरडले, "पुढं वाचा! पुढची ओळ वाचा!" त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की या बाईला लाजलज्जा काही उरलेली नाही.

मग चिठ्ठीचा सवाल सुरू झाला. यजमान उठले. आमच्या ह्यांना एक खोड होती, बोलण्याआधी ते घसा साफ करत आणि त्याला बराच वेळ लागे. मला बघायला आले तेव्हा मुलगी पसंत आहे का असे विचारल्यावर त्यांनी एवढा वेळ घसा साफ केला की माझे वडील दुसरे स्थळ बघायला निघाले होते. त्या दिवशी त्यांनी दोन शेर तेल बोलले. चुलत भाऊ चार शेर बोलला. यजमान खाकरून आठ बोलले. तो वीस बोलला. यजमान पुन्हा खाकरू लागले, तोच तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "दर शुक्कुरवारी पावशेर तेल. जिता हाय तवर."

असा सवाल आमच्या देवळात कोणी ऐकला नव्हता. यजमानांचे खाकरणे चालूच होते. मच्छिंद्राने घंटा एकदा वाजवली, दोनदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली, आणि मग यजमानांच्या घशातून आवाज निघाला, "त्याच्यावर..." पण घंटा झाली होती.

लुगडे पाटलीणबाईंनी घेतले. त्यांनी ते पुढची कित्येक वर्षे प्रत्येक हळदीकुंकवाला नेसून माझ्या समोर बसण्याचा परिपाठ ठेवला. तो विषय वेगळा आहे आणि त्यांना मी माफ केले आहे, कारण त्यांना तो रंग शोभत नव्हता.

त्या दिवसापासून माझे नाव गावात जे झाले ते झाले. मी सांगितले, अहो, दाढ दुखत होती त्यांची. बायका एकमेकींकडे बघून म्हणत, "व्हय बाई, दाढच आसंल." यजमानांना चिठ्ठी मी आली त्याच दिवशी वाचून दाखवली होती आणि ते पोट धरून हसले होते. त्यांनीही पारावर सांगितले की दाढच होती. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "बराबर हाय, बद्रीनाथराव." तो हात मला फार लागला. ते वारले तेव्हाही गावाच्या मनात ते बिचारे होते, आणि माझा नवरा बिचारा कधीच नव्हता. हेमलतेचे गुपित मात्र मी यजमानांखेरीज कोणाला बोलले नाही. घैसासांनी सांगू नका म्हटले होते. ते हयात नाहीत, म्हणून आज लिहिले.

कलम सहावे. सबब नीलास आज्ञा अशी. त्या चुलत दिराचे तेल ज्या शुक्रवारी चुकेल त्या शुक्रवारी चिठ्ठी देवीकडे परत जाईल आणि तिचा पुन्हा सवाल होईल. नीलाने त्या सवालात उभे राहावे. माळावरचे करडईचे रान तिला त्यासाठीच दिले आहे. घाण्यावरून तेल काढून आणावे आणि कोणी किती बोलो, त्याच्यावर बोलावे. बोलण्याआधी घसा साफ करू नये. चिठ्ठी हाती आली की देवळाच्या वरच्या पायरीवर उभे राहून ती पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत वाचावी. पहिली ओळ लोकांना पाठ आहे, ती भराभर वाचली तरी चालेल. दुसरी ओळ सावकाश वाचावी.

हे होईपर्यंत माझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. दहाव्याला भटजी घाई करतील. तेव्हा दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेऊ नये. मी ओळखीन.

कलम सातवे. आता तो चुलत दीर, रामराव. त्याचे नाव मी तोंडाने घेत नाही, कागदावर घ्यावे लागले म्हणून घेतले, यापुढे त्याला सदर इसम म्हणेन. सदर इसमाचे आणि आमचे बांधावरच्या सीताफळावरून जुने वाकडे होते. सीताफळ कोणाचे यावर दोन पिढ्या भांडल्या आणि सीताफळे राघूंनी खाल्ली. पण फळांचा राग माणसाने फळांवर काढावा, बाईच्या नावावर काढू नये.

सदर इसमाला अक्षरओळख नाही. तरी चिठ्ठी त्याने पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवली, आणि किल्ली करदोट्याला बांधली. त्याची बायको गोजरबाई मला गावच्या आडावर भेटते. भांडण पुरुषांचे, आमचे बोलणे चालू आहे. ती म्हणते, "मलाबी दावत न्हाईत बाई. पेटीपाशी गेलं तरी अंगावर येत्यात." घैसास गेल्याचे कळल्यावर मी तिच्याकडून निरोप धाडला की, चिठ्ठी देऊ नका, पण गावापुढे एकदा पुरी वाचू तरी द्या. त्याचे उत्तर आले, "मी जिता हाय तवर ती कोणाच्या नजरंला पडणार न्हाई." गेल्या साली पुण्याचे एक गृहस्थ, कै. घैसासांची पत्रे गोळा करणारे, जालन्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने आले आणि त्या कागदासाठी म्हणाल ती रक्कम देतो म्हणाले. सदर इसमाने त्यांच्या अंगावर कुत्रे सोडले. एवढा खुनशी माणूस मी पाहिला नाही. एकोणीस वर्षे दर शुक्रवारी, उन्हात, चिखलात, मागच्या साली अर्धे अंग लुळे पडल्यावर काठी टेकत, तो तेलाचा बुधला घेऊन माझ्या दारावरून देवळात जातो, आणि मी दर शुक्रवारी ओसरीवर बसून तो चुकतो का ते बघते. तो चुकत नाही.

सदर इसमास माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. सीताफळही देऊ नये. माझ्या मातीला तो आला तर त्याला कोणी बसा म्हणू नये.

येणेप्रमाणे सात कलमे लिहिली. साक्षीस मच्छिंद्र गुरव आणि भुजंगराव यांना बोलावले आहे.

पुरवणी. ही त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी लिहिली.

वरील दस्त साक्षीदारांपुढे वाचून दाखवावा असा भुजंगरावांचा नियम. ते वाचायला बसले तेव्हा काठीचा आवाज आला आणि सदर इसम माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. मच्छिंद्राच्या पोटात काही राहत नाही, त्याने सकाळीच सदर इसमाला सांगितले होते की बाई चिठ्ठीबाबत काहीतरी लिहून ठेवून राह्यली. मी बसा म्हटले नाही. तो ओसरीच्या कडेला आपणच बसला, दम खाल्ला, आणि खाली बघून म्हणाला:

"वहिनी, एक इनंती कराया आलोय. ती चिठ्ठी गावात वाचा म्हून लिवू नका. मी मेलो की माझ्या सरणावर ठिवा म्हून पोरांना सांगून ठिवलंय मी. संगंच जळून जाईल. दादा गेला, आता तुमचं वय झालं. ज्या वयात जे झालं ते झालं, मी कोणाला बोललो न्हाई आन् बोलणार न्हाई. पर नातवंडांना कशाला कळू द्याचं?"

मला आधी काही उमगले नाही. मग उमगले.

मी विचारले, "म्हंजी तुमी ती चिठ्ठी घेतली कशापायी?"

तो म्हणाला, "मंग काय करत व्हतो? सारं गाव कान टवकारून बसल्तं. दादा नुसता खाकरून राह्यला. दुसऱ्या कोणाच्या हाती गेली आसती तं पारावर रोज वाचली आसती. आमचं भांडण सीताफळाचं. तुमच्या अब्रूचं नव्हतं."

मी भुजंगरावांना सांगितले, "पाचवं कलम वाचा. आन् चिठ्ठीची दुसरी ओळ सावकाश वाचा."

त्यांनी वाचले. तो काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होता.

"दाढ?" तो म्हणाला.

"दाढ," मी म्हटले.

"खरंच दाढ?"

"उजवीकडची. खालची."

त्याने करदोट्याची किल्ली सोडली, मच्छिंद्राला पेटी आणायला पिटाळले, आणि पेटी आल्यावर कुलूप स्वतः काढले. चिठ्ठीला कसर नाही, डाग नाही. आमच्या ट्रंकेत ती इतकी धड राहिली नसती. भुजंगरावांनी ती पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत वाचली आणि दाढेपाशी तो म्हणाला, "तेवढं पुन्हा एकदा." पुन्हा वाचल्यावर तो हसायला लागला. एका बाजूचे तोंड हसेना, तरी हसत होता, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. "आरं माझ्या देवा! वहिनी, पुण्याच्या बामणाच्या दाढेला एकोणीस वर्सं तेल घातलं की हो मी!"

मी रडले. भुजंगराव आणि मच्छिंद्र यांच्यादेखत रडले आणि त्याची मला लाज वाटली नाही. आख्ख्या गावात माझ्या नावाची काळजी एका माणसाला होती, आणि त्यालाच मी दर शुक्रवारी ओसरीवर बसून शिव्या घालत होते.

यापुढे दस्तात सदर इसम असा शब्द येणार नाही.

रामराव भाऊजी म्हणाले, "घ्या वहिनी तुमची चिठ्ठी." मच्छिंद्र मधे पडला. त्याचे म्हणणे, सवालाची वस्तू अशी हातोहात देता येत नाही, तेल चुकले पाहिजे, मग पुन्हा सवाल. मी म्हटले, मग येत्या शुक्रवारी चुकवा. भाऊजींनी चिठ्ठी घडी करून पेटीत ठेवली. मग म्हणाले, "ते होणार न्हाई वहिनी. तेल देवीला कबूल केलंय, दाढेला न्हाई."

तेव्हा असे ठरले, ते लिहिते. चिठ्ठी भाऊजींच्याच पेटीत राहावी. येत्या शुक्रवारी तेल घालून झाल्यावर नीलाने पायरीवर उभे राहून ती पुरी वाचावी, भाऊजींनी शेजारी उभे राहावे, आणि मी पुढे बसून प्रत्येकाचे तोंड बघेन. हे माझ्या हयातीतच होत असल्याने कावळ्याबाबतचा मजकूर रद्द. भटजींनी आपली घाई खुशाल करावी. करडईचे रान नीलाचेच राहील, पण त्यातले पावशेर तेल दर शुक्रवारी भाऊजींच्या नावाने देवळात जावे, म्हणजे त्यांना या पायांनी घाण्यापर्यंत जावे लागणार नाही.

सातवे कलम मी खोडायला घेतले. भुजंगराव म्हणाले, खोडाखोड केली तर कचेरीत दस्त संशयात येतो. भाऊजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी. कुत्र्याचं तं खरंच हाय." सबब ते कलम वाचण्यापुरते ठेवले आहे, अमलात आणू नये. माझ्या मातीला भाऊजी आले तर त्यांना घोंगडी टाकून बसवावे, आणि ते आधी गेले तर आमच्या घरातल्या सर्वांनी जावे, काकासाहेबाने खांदा द्यावा. त्यासाठी वाकायला लागते, त्याने आतापासून सवय करावी.

मग सह्यांची वेळ आली. भाऊजी म्हणाले, "माझाबी आंगठा घ्या." भुजंगरावांनी मान हलवली. ज्याला दस्तात काही मिळते तो त्या दस्ताला साक्षीदार होऊ शकत नाही. यांना तर दर शुक्रवारचे पावशेर तेल मिळत आहे. तेल घ्या नाहीतर साक्ष द्या.

मी म्हटले, "भाऊजी, तेल घ्या. पाय बघा तुमचे."

ते म्हणाले, "पाय चालत्यात तवर चालत्यात. दादा असता तं आज त्यानंच साक्ष दिली असती." आणि त्यांनी धडका डावा हात भुजंगरावांपुढे धरला. "आंगठा कुठं द्याचा ते सांगा."

सबब पावशेर तेलाचा मजकूर रद्द. भुजंगरावांनी आपले नाव मागे घेतले आणि तेथे भाऊजींचे घातले. नाव लिहिल्यावर त्यांनी विचारले, मृत्युपत्र करणारीशी नाते काय लिहू? भाऊजी माझ्याकडे बघू लागले. मी म्हटले, चुलत दीर. भुजंगरावांनी टाक बुडवला तेवढ्यात मीच त्यांचा हात धरला आणि त्यांना एक शब्द गाळायला सांगितला.

हा दस्त मी राजीखुशीने लिहिला, पुरवणीसह वाचून पाहिला, आणि माझ्या पश्चात माझ्या माणसांनी तो भांडण न करता पाळावा. भांडायचेच झाले तर सीताफळ मोकळे आहे.

मुक्काम पिंपळगाव रेणुकाई. मिती ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६८, माहे अमरदाद, सन १३५५ फसली.

सही: सगुणाबाई भ्र. बद्रीनाथ गावंडे, दस्तूर खुद्द

साक्ष:
१. मच्छिंद्र गुरव, पुजारी, रेणुकादेवी. सही.
२. रामराव गावंडे, धंदा शेती, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. नाते: दीर.